अंबाडीच्या आडचं झाड

रोज सकाळी चहाच्या आधी बाबाराव कांताच्या डाव्या कुशीवर जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा अलगद ठेवत आणि मोजायला लागत. एक, दोन, तीन. चारवर कांता म्हणायची, "काढा." ते काढत. मग दोघं चहा पीत, आणि त्या तुकड्याविषयी कुणी काही बोलत नसे.

नागीण येऊन गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. फोड सुकले, डाग राहिले, डागांखालची आग राहिली. गावातल्या बाया म्हणाल्या होत्या, नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं तर माणूस जाते. ते भिडलं नाही. "भिडलं असतं तर सुटली असती," असं कांता एकदाच म्हणाली, भाकर थापता थापता. पदर अंगाला लागू नये म्हणून ती तो मुठीत धरून चालायची, चिखलातून चालताना बाया निऱ्या धरतात तसा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुंगी यायची. गुंगीतही आग जागी असायची.

मुलगा रत्नदीप पुण्याला नोकरीत. एका वैद्याच्या चिठ्ठीवर त्यानं तेलाची बाटली पाठवली होती. जिभेखाली दोन थेंब. त्या महिन्यात लुगड्याचा तुकडा चाळीसपर्यंत टिकला. एकदा तर कांता मोजणं विसरून बोलत राहिली आणि बाबारावांनीही तिला आठवण दिली नाही. मग ती कंपनी बंद पडली. त्याच नावाच्या दुसऱ्या बाटल्या आल्या, पण आकडा उतरत उतरत पुन्हा चारवर येऊन बसला.

उन्हाळ्यात रत्नदीप आला तेव्हा त्याच्या खिशात होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी शिशी होती. तिच्यात तीन बिया होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, करड्या, अंगावर पुसट रेघा असलेल्या.

"बाबा, ते तेल ह्याच झाडाचं. कशाचं झाड ते तुम्हाला सांगायला नको. पण ह्यात नशा नसल्यात जमा आहे. औषधाचा भाग जास्त."

"बियावर लिहून हाय का तसं?"

"नाही."

"मंग तुले कसं मालूम?"

"मित्रानं दिल्यात. भरवशाचा आहे."

बाबारावांनी शिशी उजेडात धरली. तिन्ही बिया गप्प होत्या. बी कधीच काही सांगत नाही. जे सांगायचं ते उगवल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

असं एकच झाड लावणं हाही गुन्हाच, हे त्यांना माहीत होतं. एकतीस वर्षं त्यांनी पुलगावच्या डेपोत मजुरी केली होती. दारूगोळ्याच्या पेट्या उचलायच्या, ठेवायच्या. रोज गेटवर दोन्ही हात वर करून झडती द्यायची. जाताना, येताना. माचिस, बिडी, मोबाईल, सगळं बाहेर. एकतीस वर्षांत त्यांच्या खिशात नको ती काडीसुद्धा सापडली नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी खाकी कपड्यातलं माणूस जवळ आलं की त्यांचे हात खांद्यापासून आपोआप उचलायला लागत. ते मग डोकं खाजवल्यासारखं करत.

आणि गावच्या विहारात पंचशील तेच म्हणवत. पाचवं शील नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं. बाबाराव आधी म्हणणार, मागून सगळे.

त्यांनी तीन रात्री विचार केला आणि चौथ्या सकाळी तुकडा चारऐवजी तीनवर काढावा लागला.

पहिली बी त्यांनी कारल्याच्या बियांसारखी दोन दिवस भिजत घातली, ती सडली. दुसरी काळ्या मातीत लावली. पावसाचं पाणी साचून तीही गेली. तिसरीसाठी त्यांनी टोपलंभर माती बाहेर काढून खड्ड्यात जुनं शेणखत आणि नदीची रेती मिसळली. रत्नदीपनं फोनवर बजावलं होतं की हे झाड उपटून दुसरीकडे लावायचं नाही, आहे तिथेच वाढू द्यायचं. त्याला तेवढी उसंत नसते.

"साधी झाडं फुलायला दिवस लहान व्हायची वाट पाहतात, बाबा. हे नाही पाहत. महिनाभरात फुलावर येतं, पंच्याहत्तर दिवसांत संपतं. वयावर चालतं."

"म्हंजे आमच्या डेपोसारखं," बाबाराव म्हणाले. "साठ झाले की घरी."

जागा त्यांनी परसात निवडली, कुंपणालगतच्या अंबाडीच्या आड. कुंपणापलीकडे मंदाबाईचं शेत. अर्ध्यात कपाशी, अर्ध्यात वांगी, भेंडी. अंबाडीचं पान आणि ह्या झाडाचं पान, दोन्ही हाताच्या बोटांसारखी फाकलेली, दोन्हींच्या कडा करवतीसारख्या. लांबून पाहणारा फसेल. अंबाडी पुरुषभर वाढते, हे कमरेएवढंच राहणार होतं. घराच्या बाजूनं ऊन, शेताच्या बाजूनं अंबाडीची भिंत. कागदावर सगळं बरोबर होतं.

फक्त एक गोष्ट ते विसरले होते. अंबाडी भाजीसाठी खुडतात.

मंदाबाई दर बाजाराच्या दिवशी पहाटे येऊन त्यांच्या अंबाडीचे कोवळे शेंडे खुडून न्यायची आणि देवळीच्या बाजारात जुड्या बांधून विकायची. बदल्यात वांगी ठेवून जायची. हा व्यवहार वीस वर्षांचा. आता अचानक नको म्हणावं तर का म्हणून सांगावं? बाबारावांनी तिला खुडू दिलं. दर आठवड्याला भिंत वीतभर खाली यायची.

कॅलेंडरवर ते पेन्सिलीनं दिवस लिहीत. तिसाव्या दिवशी पानांच्या बेचक्यात पांढरे केस दिसले. चाळिसाव्या दिवशी वास सुटला. त्यांनी भोवती झेंडू लावला, कोथिंबीर पेरली, शेणाचा ढीग तिथेच आणून टाकला.

"बाबारावभाऊ," कुंपणापलीकडून मंदाबाई म्हणाली, "तुमच्याकडे कायचा वास येऊन राह्यला जी?"

"शेणाचा."

"शेण मी जन्मभर उचललं," ती म्हणाली आणि भेंडी तोडायला वळली. बाबाराव ते वाक्य दिवसभर उलटंपालटं करून पाहत राहिले.

पाऊस जायचं नाव घेईना. फुलात पाणी साचलं तर बुरशी येते म्हणून ते सर आली की छत्री घेऊन परसात जात आणि छत्री स्वतःच्या डोक्यावर न धरता झाडावर धरून उभे राहत. कांता दारातून पाहून हसली. हसण्यानं कुशीत कळ आली, आणि ती कळ दाबत पुन्हा हसली.

"माह्यावर कधी धरली नाई इतकी छत्री."

"तुह्यावरच धरून राह्यलो," ते म्हणाले.

विहारात वर्षावासाचं वाचन सुरू होतं. पाचव्या शिलाशी त्यांचा आवाज उतरायचा. एका संध्याकाळी मागून म्हाताऱ्या अनुसयाबाई ओरडल्या, "अजी, जोरानं म्हणा न! चार ऐकू येतेत, पाचवं कुठी गायब होते?" सगळे हसले. बाबारावांनी पाचवं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. त्यांना वाटलं, शब्द बाहेर पडला नाही, आत पडला.

अठ्ठावन्नावा दिवस बाजाराचा होता. आठ वाजता ते परसात गेले आणि झाडाचा शेंडा नव्हता.

मधला तुरा, जो सगळ्यात जाड, सगळ्यात चिकट, ज्याच्यासाठी छत्री होती, तो नखानं खुडलेला. देठावर पाण्याचा एक थेंब. शेजारची अंबाडीही खुडलेली होती. मंदाबाई पहाटेच येऊन गेली होती आणि पहिल्या बसनं देवळीला निघून गेली होती.

कांता दारात आली. त्यांनी तिला देठ दाखवला.

"अंबाडी समजून खुडला तिनं," ते म्हणाले. "जुडीत बांधला असन."

"मंग?"

"कोणाच्या तरी घरी शिजन. लेकरं खातीन."

"रत्नदीप म्हणे न, त्यात नशा नाई म्हणून?"

"तो म्हणे. त्याचा दोस्त म्हणे. बी तं काही म्हणे नाई."

घरी बसून राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. गेलं तर मंदाबाईला सांगावं लागणार होतं. एका बाईला सांगितलेली गोष्ट बाजारात सांगितल्यासारखीच, आणि हे तर बाजारातच सांगायचं होतं. अजून सतरा दिवस बाकी होते. बाजूच्या फांद्यांवर लहान तुरे होते. तेवढे तरी पदरात पडले असते. तेही जाणार.

"जा," कांता म्हणाली. पदर मुठीत धरून ती आत गेली.

देवळीच्या बाजारात मंदाबाई पोत्यावर बसली होती. समोर वांगी, भेंडी आणि अंबाडीच्या जुड्या. बाबाराव खाली बसले आणि एकेक जुडी सोडून पाहायला लागले.

"अजी भाऊ! जुड्या काऊन सोडून राह्यले? मी गिऱ्हाईकाले काय सुतळी विकू?"

"किती विकल्या?"

"चार. काऊन?"

"कोणाले?"

"आता त्याईचा पत्ता लिहून ठेवू का मी?"

तेवढ्यात बाजूला बूट थांबले. खाकी पँट. बंदोबस्तावरचा शिपाई, एका हातात भाजीची थैली. बाबारावांचे हात पोत्यावरून उठले, खांद्यापर्यंत गेले आणि थेट डोक्याच्या वर जाऊन थांबले. डोकं खाजवायचं त्यांना सुचलंच नाही.

शिपाई पाहत राहिला. "काय काका, योगासन करून राह्यले का?"

"खांदा आखडला त्याईचा," मंदाबाई म्हणाली. "डाक्टरनं सांगितलं, घडीघडी वर करत जा. बोला, काय देऊ?"

"अंबाडी द्या एक जुडी. लेकरायले आवडते."

तिनं जुडी उचलली. बाबारावांनी अजून न सोडलेल्यांपैकी ती होती.

"सायब," ते म्हणाले. हात अजून वरच होते. "ते नका नेऊ."

"काऊन?"

बाजार चालू होता. कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं. बाबारावांच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं, त्यात झाड होतं, शिशी होती, रत्नदीप होता. ते वाक्य दातांपर्यंत आलं.

"अस्सं हाय," मंदाबाई म्हणाली, "सगळ्या जुड्या त्याईनं अगोदर बोलून ठेवल्या. विहारात जेवण हाय त्याईच्या. पण तुमी लेकरायचं नाव काढलं. न्या एक. देऊ द्या जी भाऊ." तिनं जुडी शिपायाच्या थैलीत टाकली आणि बाबारावांकडे असं पाहिलं की त्यांचे हात खाली आले.

शिपाई गेला. बाबाराव हलक्या आवाजात म्हणाले, "मंदाबाई, त्या जुडीत…"

"नाई हाय."

"तुले काय मालूम मी काय म्हणतो?"

मंदाबाईनं कमरेची पिशवी चाचपली. "माह्या सासऱ्यानं जिंदगीभर चिलीम ओढली. भरून मीच द्यायची. मले अंबाडी अन् ते समजत नाई का? तुमचं झाड टीचभर होतं तवापासून पाहून राह्यली मी. कोणासाठी लावलं तेबी समजलं. कांताबाई पदर कसा धरते, दिसत नाई का मले?"

बाबाराव सोडलेल्या जुड्या पुन्हा बांधायला लागले.

"काल पीकपाहणीचा माणूस आलता. मोबाईल घेऊन माह्या कपाशीचे फोटो काढाले. आज कुंपणाच्या बाजूनं काढतो म्हणे. तुमचा शेंडा अंबाडीच्या वर निघाला होता. माह्याच खुडण्यानं अंबाडी खाली आलती. मंग काय, मोडला. अन् म्हटलं, कपाशीचा शेंडा खुडला की फुटवे जोर करतेत. ह्यालेबी करन. तुमाले तं फायदाच."

हे ऐकून बाबारावांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणी. "कपाशीले टाइम असते, मंदाबाई. ह्याले नाई. हे वयावर चालते. शेंडा गेला तं गेला."

तिचा चेहरा उतरला. "म्हंजे चूक केली मी?"

त्यांनी पाहिलं, तिची नखं अजून चिकट होती, काळी पडलेली. "नाई," ते म्हणाले. "फोटोत आलं असतं न."

तिनं पिशवीतून अंबाडीच्या पानांत गुंडाळलेला तुरा काढून त्यांच्या हातात दिला. बाबारावांनी तो आतल्या खिशात ठेवला. परतीच्या बसमध्ये ते खिडकीजवळ बसले, आणि एकतीस वर्षांच्या झडत्यांनंतर प्रथमच त्यांच्या खिशात नको ती गोष्ट होती.

पुढचे सतरा दिवस मंदाबाईनं त्या बाजूची अंबाडी खुडली नाही. भीती मात्र कमी झाली नाही; आता ती तिघांत वाटली गेली होती. मंदाबाई कुंपणापलीकडून विचारायची, "तब्येत कशी हाय?" आणि कुणाची ते सांगायची नाही. विहारात एके दिवशी बाबारावांनी पंचशील म्हणवायचं दुसऱ्याला दिलं. घसा बसला, म्हणाले. ते खोटं होतं, म्हणजे चौथं शीलही गेलं, हे त्यांना घरी येताना वाटेत कळलं.

पंच्याहत्तराव्या दिवशी त्यांनी झाड कापलं. सुकल्यावर बाजूच्या फांद्यांचे तुरे, मंदाबाईनं दिलेला कच्चा तुरा धरूनही, मूठभर भरले नाहीत. खोबरेल तेलात मंद आचेवर ठेवले, गाळले. त्याच होमिओपॅथीच्या शिशीत मावेल एवढंच तेल निघालं. पहिले दोन थेंब बाबारावांनी स्वतःच्या जिभेखाली घेतले आणि संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहिले, आपल्याला काही होतंय का ते पाहत. काही झालं नाही. भीती होती तेवढीच होती.

मग कांतानं घेतले. पाच दिवस.

सहाव्या सकाळी त्यांनी लुगड्याचा तुकडा ठेवला. एक, दोन, तीन. चार. कांता आढ्याकडे पाहत होती. पाच, सहा. तिच्या कपाळावर घाम होता. सात. आठ. बाबारावांचा आवाज विहारातल्यासारखा उतरला.

"जोरानं म्हणा न," ती म्हणाली.

नऊ. दहा. अकरा.

"काढा."

त्यांनी तुकडा काढला, घडी केली. ते तेलानं झालं की तिनं त्यांच्यासाठी दात आवळून सोसलं, हे तिच्या चेहऱ्यावरून त्यांना ओळखता येईना. त्यांनी विचारलंही नाही. शिशी उजेडात धरून उरलेलं पाहिलं आणि चहा ठेवायला उठले.