नोटीस बोर्डावरचा नाटककार

सेहेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायला घेतली तेव्हा विषय निवडताना मी एकच पाहिलं, नाटककार जवळ राहणारा हवा. मी भांडुपची, सर मुलुंडचे. एकेकाळी गिरणी कामगारांच्या नाट्यस्पर्धांमध्ये त्यांच्या नाटकांनी लोकांना हसवून लोळवलं होतं. मग अचानक लिहिणंच बंद. माझ्या गाईडबाई म्हणाल्या, "या मौनावर एक प्रकरण हवंच. त्यामागची वेदना शोध."

मी दर शनिवारी वेदना शोधायला जाऊ लागले. सर सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे आणि सोसायटीचे सेक्रेटरी. मी रेकॉर्डर लावून विचारायची, "सर, तुमच्या विनोदामागची भूमिका काय?" ते मालवणीत म्हणायचे, "थांब गो, पंप बंद करून येतंय." परत आले की बोलायचे तेही पंपावरच. चार महिन्यांत माझ्याकडे गळक्या टाकीविषयी भरपूर मजकूर जमला. वेदना होती, पण ती प्लंबरची.

एका शनिवारी लिफ्ट बंद होती. तिच्या दाराशी हाताने लिहिलेली नोटीस: "लिफ्ट बंद आहे. दुरुस्तीवाला चौथ्या मजल्यावर पोचला की कळवू. तो जिन्याने येत आहे."

मी हसले. मग बोर्डाकडे गेले. "जिन्यात चपला ठेवू नयेत. काल एका चपलेवरून मी दुसऱ्या मजल्यावरून थेट पहिल्यावर आलो. चप्पल मजबूत आहे, मालकाने घेऊन जावी." त्याखाली: "कबुतरांना दाणे घालणाऱ्यांनी पुण्य स्वतःच्या बाल्कनीतच ठेवावे. खालच्या मजल्यावर फक्त त्याचा उरलेला भाग पडतो."

मी जिन्यावर बसून हसत होते. म्हातारे वॉचमनकाका धावत आले. "मॅडम, बरं वाटत नाही का?" मी बोर्डाकडे बोट दाखवलं. ते खूश झाले. "जुन्या पण आहेत ना! सेक्रेटरीसाहेब फेकायला देतात, मी जपून ठेवतो. गावी गेलो की वाचून दाखवतो." त्यांनी केबिनमधून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत बारा वर्षांच्या नोटिसा.

मी मौनाचं प्रकरण काढून टाकलं आणि नोटिसांचं घातलं. गाईडबाई हादरल्या. "अगं, विद्यापीठाला काय सांगू मी? टाकी धुण्याची नोटीस म्हणजे वाङ्मय?" पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक, तोवर माझ्याकडे रागाने बघणारे, कबुतरांची नोटीस मोठ्याने वाचायला लागले आणि अर्ध्यावर त्यांना ठसका लागला. बाईंनीच पाण्याचा ग्लास पुढे केला. पदवी मिळाली.

प्रबंध घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी ते प्रकरण चष्मा सावरत, कपाळाला आठ्या घालून वाचलं.

"ह्यात हसण्यासारख्या काय आसा गो? मी खरंच पडलो होतो."

मग मी धीर करून विचारलं, "सर, नाटक का सोडलंत?"

"सोडलं कुठे? नाटकाला हॉल शोधा, नट शोधा, दोन महिने तालमी करा. हे सकाळी चिकटवलं की दुपारपर्यंत सगळी बिल्डिंग वाचते. आणि वाचून भांडायला घरी येते. मला आणखी काय हवं?"

मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. या माणसाला दुःख असावं म्हणून मी चार महिने त्याच्या मागे लागले होते.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ, लालबुंद. "सेक्रेटरी, माझ्या गाडीवर कोणीतरी ओलं पायपुसणं वाळत घातलंय!"

सरांचा चेहरा एकदम उजळला. "या, या, बसा," म्हणत ते पेन शोधायला उठले.