डाळीच्या रकान्यातलं ‘नाही’

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा जास्त जागा एका कागदाने अडवली होती. कडेला भोकं असलेला, घड्यांवर घड्या घातलेला, संगणकातून निघालेला लांबलचक कागद. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. पुण्याच्या आमच्या कॉलेजात संगणक नुकताच आला होता आणि गणित शिकवणाऱ्या मला त्याचं भलतंच वेड लागलं होतं. कमीत कमी खर्चात, आसपास पिकणाऱ्या धान्याभाजीतून, शरीराला लागतं ते सगळं मिळेल असं जेवण गणिताने शोधायचं, हा माझा उद्योग. धुळे जिल्ह्यात नरडाण्याजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाने फॉर्म भरून पाठवला, मी आकडे घातले, उत्तर निघालं, अहवाल टपालाने गेलासुद्धा. आता ते जेवण शिजतं कसं, ते बघायला मी निघाले होते.

उत्तर जरा विचित्रच होतं, हे कबूल करते. जळगावच्या बाजारात भाव पडताळायला गेले आणि एका दुकानात कागद उलगडला. दुकानदार आबा चष्मा सावरून बराच वेळ वाचत राहिले.

“ताई, जनावरं किती आहेत?”

“जनावरं नाहीत हो, मुली आहेत.”

“मग एवढी मेथी?”

समीकरणात चवीला जागा नव्हती, हे त्यांना कसं सांगणार? मी कागद गुंडाळून रिक्षा केली. मुक्काम जळगावातच, पिंप्राळ्याला मैत्रिणीकडे होता. तिच्या आईने शेवभाजी केली होती. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्यांनी साखरेचा डबा पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळची पॅसेंजर धरली. आधी केळीच्या बागा, मग कापूस, आणि अमळनेर सोडल्यावर उघडी कोरडी जमीन. त्या उन्हात डुलकी लागली, नरडाणा मागे गेलं आणि शिंदखेड्याहून एसटीने उलटं यावं लागलं. वसतिगृहात पोचेपर्यंत चेहरा धुळीने माखला होता.

अंगणात मुली खो-खो खेळत होत्या. मी बघतच राहिले. फॉर्मवर डाळीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं, आणि त्यावरून मी अहवालात ‘डाळीचा पूर्ण अभाव’ असं ठळकपणे टाइप केलं होतं. माझ्या हिशेबाने या मुलींना चार पावलांत धाप लागायला हवी होती. या तर खांबाला वळसा घालून वाऱ्यासारख्या पळत होत्या. माझं गणित खरं की माझे डोळे, काही कळेना.

वसतिगृहाच्या अधीक्षिका तरुण होत्या, नुकत्याच रुजू झालेल्या; जेवायला घरी जायच्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. “तुमचा अहवाल आला आणि संस्थेने आमच्या स्वयंपाकीणबाईंना, अक्कांना, काढायचं ठरवलं. महिनाअखेरपर्यंतच आहेत त्या.”

“का?”

“उडदाचं पोतं दर महिन्याला येतं. तुम्ही लिहिलंत, मुलींना डाळ मिळत नाही. मग अक्काच ते घरी नेतात, असं ठरलं.”

मी कुणाची चोरी पकडायला थोडीच निघाले होते!

तेवढ्यात अक्काच बाहेर आल्या. पन्नाशीच्या, उंच, पदर घट्ट खोचलेल्या. मी कोण ते त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी पाट मांडला.

“बसा ताई. जेवा. मन्ह्या हातनी भाकर आते थोडा दिनच शे.” (माझ्या हातची भाकरी आता थोडेच दिवस आहे.)

ताटात भाकरी, ठेचा, कांदा. भाकरी करडी, मधूनमधून काळे ठिपके. तुकडा मोडला तर ज्वारीपेक्षा चिवट लागला.

“अक्का, ज्वारी इतकी काळी कशी?”

“जवारी काळी नही. कयना शे.” त्या माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तशा बघत होत्या. “चार पायली जवारी, एक पायली काया उडीद, मीठ. बठ्ठं एकच दयनमा.” (सगळं एकाच दळणात. त्यांचा ‘कयना’ म्हणजे आपला कळणा.)

“मग फॉर्म भरताना डाळ नाही असं का सांगितलंत?”

“दाय नहीच करत ना मी. भाकरमा उडीद शे, मंग दाय कसाले?”

घास हातातच राहिला. फॉर्म मीच छापला होता. भाकरीपुढे ‘ज्वारी’, डाळीपुढे ‘नाही’. दोन्ही उत्तरं खरी, आणि त्यांतून मी एका बाईला चोर ठरवलं होतं.

दुपारच्या एसटीने धुळे गाठलं. संस्थेचे चिटणीस, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते घरीच भेटले. मी एका दमात सगळं सांगितलं. ते माझ्याहून जास्त गोंधळले.

“मीसुद्धा कळण्यावरच वाढलो हो. उडीद दळणात जातात असंच समजत होतो. पण तुमचा कागद म्हणाला, डाळ कणभर नाही. मशीन कशाला खोटं बोलेल?”

“पण तुम्ही तिथे जेवला आहात ना, नाना?”

“जेवलोय की. भाकरी कळण्याचीच होती. कागद वाचल्यावर वाटलं, मी येणार म्हणून तेवढ्यापुरती केली असेल.”

मी तिथेच बसून चूक माझी असल्याचं लिहून दिलं. नानांनी अक्कांना कायम ठेवल्याचं पत्र दिलं. संध्याकाळी वसतिगृहात परतले आणि पत्र अक्कांपुढे धरलं. त्यांनी हात पुढे केला नाही.

“मले वाचता येत नही. गावमा बठ्ठा म्हणतस, अक्कानी पोरीसनं खादं. ते कोण पुसी?” (गावात सगळे म्हणतात, अक्काने मुलींचं खाल्लं. ते कोण पुसणार?)

रविवारी आईबाप मुलींना भेटायला येतात. मी परतीचा बेत पुढे ढकलला. सकाळी अंगण भरलं तेव्हा ओट्यावर उभी राहिले. “चूक माझी आहे. उडीद भाकरीतच आहेत. अक्कांनी मुलींच्या तोंडचं काहीही घेतलेलं नाही.” माझी पुस्तकी मराठी त्या अंगणात मलाच परकी वाटली. एका म्हाताऱ्याने विडी विझवली. दोन बायांनी एकमेकींकडे बघितलं.

मग पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, “आमले मालूम व्हतं. तुम्हीन इचारंच नही.”

अक्का चुलीपुढून उठल्या नाहीत. निघताना मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली, बस.

पुण्याला आल्यावर कळण्याचं पीठ वेगळा पदार्थ म्हणून संगणकात घातलं. उत्तर जवळजवळ अक्कांच्याच ताटासारखं आलं, थोडी पालेभाजी वाढवा एवढंच त्याचं म्हणणं. एरवी मी आनंदाने विभागभर तो कागद नाचवला असता. त्या दिवशी मात्र तो घडी घालून खणात ठेवला. एक ओळ बदलताच संगणकाने आपलं मत बदललं होतं. त्या अंगणातल्या दोन बायांनी बदललं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.