शिवणबाईंचं माप चुकलं तेव्हा

शिवणबाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण त्यांचं नाव काही निवृत्त झालं नाही. मुलींना काजं करायला शिकवणं थांबून जमाना लोटला, तरी त्या शिवणबाईच राहिल्या. आता त्या एका संस्थेचं काम करत. शाळा संपल्यावर पुढे शिकायची ऐपत नसलेल्या मुलामुलींची फी ही संस्था भरायची. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, हेच ऑफिस. अर्ज आला की बाईंनी त्या घरी जायचं, परिस्थिती पाहायची आणि मदत करावी की नाही ते समितीला सांगायचं. अर्ज ढीगभर आणि पैसा बेताचा, तेव्हा कुणाला तरी नाही म्हणणं भागच होतं. ते अप्रिय काम बाईंकडे होतं आणि त्यांच्या शब्दावर कुणी प्रश्न विचारत नसे.

बाईंना याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला! माणूस दारात उभा राहिला की त्या त्याला नखशिखांत न्याहाळायच्या. कापड कुठल्या प्रतीचं, शिलाई कुणाच्या हातची, झिजलेली कॉलर उलटवून शिवली आहे का, सगळं एका नजरेत. "लोक मी येणार म्हणून टीव्ही शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात," त्या हसत सांगायच्या, "पण अंगावरचे कपडे काही लपवता येत नाहीत."

अशाच त्या एका मुलीच्या घरी गेल्या. मुलीला कृत्रिम हातपाय बनवण्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. आठवड्याअखेर फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. अर्जात वडिलांची लाँड्री असल्याचं लिहिलं होतं. खोली एकच, पण लख्ख. आई कामावर गेलेली. वडील समोर उभे होते, अंगात पांढराशुभ्र लिननचा शर्ट, शिंपल्याची बटणं, इस्त्री अशी की नजर ठरू नये. बाईंनी मनातल्या मनात शर्टाची किंमत केली आणि त्यांचा निर्णय तिथेच झाला. खांद्याची शिवण मात्र दंडावर उतरली होती. शिंपी बदला म्हणावं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"फीचं कसं काय जमवणार आहात?" बाईंनी विचारलं.

"आमचं ठीक चाललंय बाई," वडील म्हणाले. "तक्रार नाही काही."

मुलीने वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाईंनी ऑफिसात येऊन सांगितलं, यांना गरज नाही, दुसऱ्या कुणाला द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी जिना चढून आली. बाई एकट्याच होत्या.

"काल तुमची नजर बाबांच्या शर्टावरून हलत नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही ओळखलंच असेल, तो त्यांचा नाही बाई. गिऱ्हाइकाचा आहे."

"गिऱ्हाइकाचा?"

"बाबा जिन्याखाली टेबल टाकून इस्त्री करतात. लाँड्री मी लिहिलं. इस्त्रीवाला लिहायची लाज वाटली मला."

"अगं, पण लोकांचा शर्ट घालायचा म्हणजे काय!"

"आजपर्यंत कधी नाही घातला. तुम्ही येणार म्हणून घातला. त्यांच्या शर्टाचं कोपर फाटलंय. म्हणाले, तुझ्या शिक्षणासाठी कुणी घरी येतंय आणि मी भिकाऱ्यासारखा कसा उभा राहू? तुम्ही गेल्यावर त्यांनी तो धुतला, परत इस्त्री केली आणि त्याचे पैसे काही घेतले नाहीत." ती जरा थांबली. "हवं तर माझं नाव काढून टाका. पण शर्टाचं कुठे बोलू नका. एकदा का हे बाहेर गेलं की बाबांकडे कपडे कोण टाकणार? तुमचे खजिनदारसुद्धा आमच्याकडेच टाकतात."

बाईंना आधी हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला. आयुष्यभर मुलींना खांद्याचं माप घ्यायला शिकवलं, आणि समोर दुसऱ्याचा शर्ट घातलेला माणूस उभा असताना आपण शिंप्याला नावं ठेवत बसलो! पोरगी हातची जागा सोडायला निघाली होती, ती बापाची अब्रू राखायला.

संध्याकाळी समिती बसली. बाई म्हणाल्या, "कालच्या त्या मुलीला द्या."

खजिनदारांनी चष्मा वर केला. "काल नाही, आज हो? एका दिवसात असं काय कळलं?"

खरं काय ते बाईंच्या जिभेच्या टोकावर होतं. ते ऐकून सगळे विरघळले असते. पण घरी जाऊन खजिनदारांनी आपले शर्ट हुंगून पाहिले असते, हेही बाईंना कळत होतं.

"मी चुकले, एवढंच कळलं," त्या म्हणाल्या. "माणसं बघायला गेले आणि कापड बघून आले."

"मग आजवर तुम्ही ज्यांना ज्यांना नाही म्हणालात, त्यांचं आम्ही काय समजायचं?"

मुलीची फी मंजूर झाली. यापुढे बाईंबरोबर आणखी कुणीतरी जावं, असंही ठरलं. बाईंनी मान डोलावली. आतून त्यांना ते लागलं, पण बोलणार कोणत्या तोंडाने?

सकाळी त्या स्वतःच सांगायला गेल्या. जिन्याखाली वडील इस्त्री फिरवत होते. बाईंना पाहताच त्यांनी फाटक्या कोपरावर हात धरला.

"मंजूर झालं," बाई म्हणाल्या.

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मग कोपरावरचा हात काढला.

"बाई, त्या दिवशी मी नीट सांगितलं नाही. आम्हाला गरज आहे. फार गरज आहे."

किती जणांना एवढं बोलता आलं नसेल? किती जण ठीक चाललंय म्हणाले असतील, आणि आपण ते खरं मानून, नाही सांगून मोकळ्या झालो असू? बाईंना एकेक दार आठवायला लागलं.

"बसायला काही आहे का हो?" त्या म्हणाल्या.