दर वर्षी नापास होणाऱ्या वन्सं

नापास होण्यासाठी इतका मनापासून अभ्यास करणारी बाई सबंध सिंगापुरात दुसरी सापडायची नाही, आणि पुण्यात तरी सापडेल की नाही, शंकाच आहे. ही बाई म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नात कुणीतरी गमतीने मला त्यांना 'वन्सं' म्हणायला लावलं आणि ते कायमचं चिकटलं. आता पुंगोलच्या आमच्या लिफ्टमध्ये मी "अहो वन्सं" अशी हाक मारते, तेव्हा शेजारचे चिनी आजोबा तेच त्यांचं नाव समजून "गुड मॉर्निंग, मिस वन्सं" म्हणतात. वन्संही मान डोलावून स्वीकारतात.

वन्सं सेम्बावांगला एका छोट्या शाळेत गणित शिकवतात. नेहमीच्या शाळांशी ज्यांचं जमलं नाही, अशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींची ही शाळा. कुणी दोनदा नापास झालेलं, कुणी वर्षभर खोलीबाहेरच न आलेलं, कुणी वर्गात खुर्ची भिरकावून आलेलं. मुलं बावीस, शिक्षक तीन, आणि दिवसभर कपाळाला बाम चोळणारे एक मुख्याध्यापक. शाळेच्या खालच्या मजल्यावर जहाजांचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. तिथे ठोकाठोकी सुरू झाली की काही ऐकू येत नाही, म्हणून तेवढा वेळ सगळ्यांनी डबा खायचा, असा वन्संचा नियम. वर्कशॉपला काम जास्त आलं की मुलांची वजनं वाढतात. इथली मुलं 'टीचर'चं नुसतं 'चर' करतात. पहिल्या दिवशी सगळा वर्ग एका सुरात "चर! चर!" म्हणाला, तेव्हा आपल्याला गवत खायला का सांगताहेत, हे वन्संना कळेना. "पण सांगत इतक्या प्रेमाने होती गं," त्या संध्याकाळी मला म्हणाल्या, "की मी दोन घास खाल्लेसुद्धा असते."

गैरहजेरीची चिठ्ठी त्या घेतात, पण कारण खरं हवं, आणि सविस्तर हवं. 'पोट दुखत होतं' ही चिठ्ठी त्या परत करतात. एकाने एकदा प्रामाणिकपणे लिहिलं, की कंटाळा आला होता. वन्संनी लाल पेनाने खाली लिहिलं, 'कुठल्या प्रकारचा? अंथरुणातून उठण्याचा, बसमध्ये बसण्याचा, की माझा?' त्या मुलाने दोन पानी उत्तर लिहून आणलं. चार वर्षांत त्याने स्वतःहून लिहिलेला तो पहिला निबंध. त्यात वन्संचा कंटाळाच दीड पान होता. वन्संनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन मुद्दे स्वतःच्या पदरचे घातले.

पण त्यांचा मुख्य नेम वेगळाच. दर वर्षी आपल्याला अजिबात येणार नाही असं काहीतरी त्या शिकायला घेतात, जीव तोडून अभ्यास करतात, परीक्षेला बसतात आणि नापास होतात. मग तो निकाल फ्रेम करून वर्गात लावतात. "मुलांना जे रोज वाटतं, ते मला वर्षातून एकदा तरी वाटायला नको का?" असं त्यांचं म्हणणं. मुद्दाम नापास व्हायचं नाही, ही अट. पोहण्याच्या परीक्षेत त्या इतक्या सरळ बुडाल्या, की परीक्षकांनी पाय ताठ ठेवल्याबद्दल त्यांचं कौतुक केलं. व्हायोलिनच्या परीक्षेत परीक्षकबाईंनी पहिल्या मिनिटाला उठून खिडकी लावली आणि दुसऱ्या मिनिटाला स्वतःच बाहेर गेल्या. माझा नवरा म्हणायचा, "ताई, निदान स्वयंपाकाची परीक्षा दे. घरी सरावही होईल." त्यावर वन्सं म्हणायच्या, "त्यात काय, त्यात मी न शिकताच नापास आहे."

मागच्या वर्षी त्यांनी मँडरिन घेतलं, आणि त्याच वर्षी त्यांच्या वर्गातली एक मुलगी शाळेत यायची बंद झाली. सोळा वर्षांची, किडकिडीत, डोळ्यांवर केस. चार महिन्यांत तिने वर्गात एक शब्दही उच्चारला नव्हता. मुख्याध्यापकांनी बाम चोळत सांगितलं, की हजेरी अशीच राहिली तर तिचा परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही. घरी फोन केला तर आई म्हणाली, मुलगी रोज सकाळी साडेसातला दप्तर घेऊन निघते की!

ती मला सापडली. आमच्या पुंगोलची एलआरटी म्हणजे बिनड्रायव्हरची, एका डब्याची गाडी. इमारतींच्या मधून गोल फिरते आणि निघाली तिथेच परत येते. लेकीला शाळेत सोडायला जाताना एक मुलगी खिडकीशी बसलेली दिसली, अंगात वन्संच्या शाळेचा पिवळा टी-शर्ट. बाजार करून अकराला परतले, तरी ती त्याच डब्यात, त्याच खिडकीशी. मी वन्संना फोन केला. वाटलं, आता त्या धावत येतील, तिला खाली उतरवतील, समजावतील.

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या, तिच्या समोरच्या बाकावर बसल्या आणि मँडरिनचं पुस्तक उघडून मोठ्याने पाठ करू लागल्या. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अकरा फेऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. मँडरिनमध्ये सूप आणि साखर यांचा शब्द एकच, फक्त सूर वेगळा. आणि वन्संचा सूर कसा आहे, हे व्हायोलिनच्या परीक्षकबाईंना विचारावं. 'मला गरम सूप प्यायचं आहे' हे वाक्य त्या डब्यातल्या प्रत्येक उतारूला डोळ्यांत डोळे घालून सांगत होत्या. एका आजीबाईंनी त्यांना पाण्याची बाटली देऊ केली. शेवटी खिडकीकडे पाहतच ती मुलगी, इथले सगळे लावतात ते 'लाह'चं शेपूट लावून, म्हणाली, "चर, नॉट सूप, लाह. शुगर. यू ड्रिंकिंग हॉट शुगर."

वन्सं सांगतात, की त्यांना नाचावंसं वाटलं. पण गाडी वळणावर होती. त्यांनी नुसतं विचारलं, "मग सूप कसं म्हणू?"

पुढचा आठवडाभर शिकवणं दोन्हीकडून चाललं. ती वन्संना सूर शिकवायची, वन्सं तिला समीकरणं. वन्संनी हजेरीपुस्तकही आणलं. शिक्षक हजर, विद्यार्थी हजर, म्हणजे शाळा भरली. मुख्याध्यापकांनी फोनवर विचारलं, "मॅडम, तुमचा वर्ग आहे कुठे?" वन्सं म्हणाल्या, "सर, आत्ता वळतोय." पाचव्या दिवशी त्यांनी उरलेला वर्गही तिथेच बोलावला. आठ पिवळे टी-शर्ट गोल गोल फिरताना पाहून स्टेशनवरचा माणूस आत आला आणि अदबीने म्हणाला, "मॅम, तुम्हाला नक्की कुठे जायचंय?" सगळा वर्ग विचारात पडला. एवढा अवघड प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

त्या गोंधळात मुलीने वन्संना खरं काय ते सांगितलं. तिला शाळेची भीती नव्हती, दाराची होती. आधीच्या शाळेत वाचताना अक्षरं अडायची, मुलं हसायची. आता दारातून आत शिरलं की सगळे मान वर करून पाहतात, आणि तिचे पाय जागच्या जागी थिजतात. तेवढंच. पण तेवढ्याने वर्ष जाणार होतं.

वन्संनी यावर कुठलंही पुस्तक पाहिलं नाही. सोमवारी दोघी बरोबर शाळेत गेल्या. दारात पाऊल टाकताच वन्संनी हातातला चार पुडांचा स्टीलचा डबा धाडकन खाली पाडला. वरण, भात, झाकणं, सगळं वर्गभर. वर्गातल्या सगळ्या माना वन्संकडे, आणि मुलगी भिंतीच्या कडेने जाऊन जागेवर बसलेली. मंगळवारी पुन्हा. असा तीन आठवडे रोज सव्वानऊला डबा पडला. खालच्या वर्कशॉपवाल्यांनी तक्रार केली, की वरून फार आवाज येतो. वन्सं उपाशी राहू लागल्या, म्हणून मी दुसरा डबा द्यायला लागले. चौथ्या सोमवारी डबा निसटण्याआधीच मुलीने तो खालून धरला आणि म्हणाली, "इनफ, चर. फ्लोअर व्हेरी ऑयली." आणि स्वतः पुढे होऊन आत गेली.

फॉर्म भरला गेला. ती चारपैकी तीन विषयांत पास झाली आणि तिला स्वयंपाकाच्या कोर्सला प्रवेश मिळाला. आणि वन्सं? वन्सं मँडरिन पास झाल्या. निकाल हातात घेऊन त्या आमच्या सोफ्यावर अशा बसल्या, की माझा नवरा घाबरून पाणी घेऊन आला. वर्गात तर सुतक. शेवटी त्या मुलीनेच पाठीवर हात ठेवून धीर दिला, "नेव्हर माइंड, चर. नेक्स्ट इयर यू फेल."

इथे शिक्षक दिनाला जुने विद्यार्थी आपापल्या शाळांत येतात, फुलं आणतात, फोटो काढतात. वन्संच्या शाळेत कुणी येत नाही. दर वर्षी वन्सं पातेलंभर चिवडा करून नेतात आणि चार वाजता परत आणतात. मग आठवडाभर आमच्याकडे चिवडा. मी एकदा चिडून म्हणाले, "अहो वन्सं, एकाला तरी यावंसं वाटू नये?" त्या म्हणाल्या, "अगं, इथे होतो हे कुणाला सांगावंसं वाटेल? नवीन ठिकाणी रुळलेत. येत नाहीत, म्हणजे बरं चाललंय."

परवा आम्ही दोघी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, प्लॅटफॉर्मवर उभ्या होतो. समोरच्या बाजूला ती एलआरटीवाली मुलगी दिसली. आचाऱ्याचा पांढरा कोट, सोबत चारपाच मैत्रिणी, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच बोलत होती. मी हात वर करणार, तेवढ्यात वन्संनी माझं मनगट धरलं आणि मला ओढून खांबामागे नेलं. खांब अरुंद, वन्सं ऐसपैस. ओढणी एकीकडून बाहेर, पिशवी दुसरीकडून. "मैत्रिणी विचारतील ना तिला, ही कोण म्हणून," त्या कुजबुजल्या. गाडी आली, मुली चढल्या, दारं लागली. वन्सं खांबाआडून बाहेर आल्या आणि रिकाम्या रुळांकडे बघत राहिल्या.

"केस कापलेत तिनं," त्या म्हणाल्या. "डोळे दिसतात आता."