उत्तर द्यायला येणारा माणूस

त्या दिवशी सकाळी मी जेवणवाल्याशी फोनवर वाद घालत होते. मराठीतून ख्रिस्ती ब्लॉग लिहिणाऱ्या आम्हा मंडळींचा वर्षातून एकदा हुमनाबादला मेळावा भरतो. त्याचं सगळं मीच बघते : हॉल, जेवण, कोण कधी बोलणार, कोणाला बसस्टँडवरून आणायचं. भात आणि भाकरी दोन्ही हवं, असं मी तिसऱ्यांदा सांगत होते, तेवढ्यात मधेच हुलसूरहून फोन येऊ लागला. शमुवेलअण्णांचा मुलगा प्रदीप.

"टीचर, बाबा गेले."

"कुठं?" मी विचारलं.

खरंच विचारलं. कारण अण्णा कायम कुठंतरी गेलेलेच असायचे. मेळाव्याची सुरुवातीची प्रार्थना त्यांच्याकडे असे आणि ते मात्र भालकीच्या नाहीतर बसवकल्याणच्या स्टँडवर कुणाशी तरी बोलत बसलेले असत. माझ्यासमोरच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे मी पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलं होतं, 'उशिरा येणार'. प्रदीप म्हणाला, "तसं न्हाई टीचर... सकाळी उठलेच न्हाईत." जेवणवाला तिकडे अजून लाइनवरच होता. त्याला मी काय सांगितलं, ते आता आठवत नाही.

अण्णांची नि माझी ओळख माझ्याच एका कमेंटमुळे झाली. वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'खांबावरून' नावाचा ब्लॉग सुरू केला होता. एका बोटाने, मोबाईलवर लिहायचे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच परिच्छेद, पूर्णविराम मनाला येईल तिथे. एकदा त्यांनी लिहिलं की देवाला हाक मारायला उपाशी राहावं लागत नाही, तो काही बहिरा नाही. मी हायस्कूलात गणित शिकवते. मोघम विधान मला सोसत नाही. मी खाली लिहिलं, "परिच्छेद पाडावेत. शिवाय उपास करून प्रार्थना करणाऱ्या बायकांना आपण मूर्ख समजता का, याचा खुलासा करावा." उत्तर आलं नाही. माझा राग वाढला. आणि रविवारी, उपासनेहून येऊन मी नुकती भाजी फोडणीला टाकली होती, तर दारात एक उंच, वाळका माणूस, काखेत कापडी पिशवी.

"तुमची कमेंट आली होती," ते म्हणाले. "उत्तर द्यायला यायलोय."

"अहो, उत्तर तिथंच खाली लिहायचं असतं!"

"ते व्हय. पण तुम्ही रागात हुता. रागातल्या माणसाला लिहून काय कळतंय? आमच्या खात्यात तक्रार आली की जागेवर जायचं. ऑफिसात बसून दिवा लागत न्हाई, टीचर."

बसले. चहा घेतला, मग जेवले, मग परत चहा. मला वाटलं, आता खुलासा होईल. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुमच्या घरात उपास कोण करायचं?" मी म्हणाले, आई. मी लहानपणी तापाने अंथरुणाला खिळले होते तेव्हा ती दर शुक्रवारी पाण्याचा थेंबही घेत नसे. मग आईबद्दल मीच बोलत राहिले... ऊन कलेपर्यंत. ते "हां", "बरं", "मग?" एवढंच म्हणत होते. शेवटची गाडी चुकेल म्हणून उठले. संध्याकाळी मी ब्लॉग उघडला, तर माझ्या कमेंटखाली दोनच शब्द होते : "भेटून आलो."

मी चिडले. अहो, खुलासा कुठाय? मला तरी कुठे मिळाला होता? आणि जे इतर लोक तिथे वाचणार, त्यांनी काय समजायचं? नंतर पाहिलं तर त्यांच्या ब्लॉगवर जिकडे तिकडे हेच. कुणी पोटतिडकीने प्रश्न विचारलाय, कुणी वाद घातलाय, कुणी शिवीच हासडलीय, आणि प्रत्येकाखाली महिन्याने, दोन महिन्यांनी : "भेटून आलो." बाहेरच्या वाचकाला ते एखाद्या फिरत्या विक्रेत्याची नोंदवही वाटावं. आणि परिच्छेद? ते त्यांनी शेवटपर्यंत पाडले नाहीत.

मेळावा मी सुरू केला तो खरं म्हणजे त्यांचं हे फिरणं थांबावं म्हणून. त्यांचे गुडघे दुखायचे, बसमध्ये जागा मिळायची नाही, मग उभ्याने जाऊन आले की फोनवर माझ्याकडेच कण्हायचे. म्हटलं, सगळे लिहिणारे-वाचणारे वर्षातून एकदा एका छताखाली बसवू, कुणाचे काय प्रश्न असतील ते तिथेच मिटतील. हुमनाबाद सोयीचं, सगळ्या गाड्या इथूनच जातात. कागदावर योजना चोख होती. झालं उलटंच. मेळाव्यात अण्णांच्या ओळखी वाढल्या, आणि आता कमेंट न करणाऱ्यांच्याही घरी ते जाऊ लागले.

मेळाव्यात आम्ही गंभीरपणे चर्चा करत असू. शंका आली तर ती ब्लॉगवर लिहावी की आधी चर्चच्या पाळकांना सांगावी? मंडळीतलं भांडण नाव न घेता लिहिलं तर ते चालतं का? बिदरचा विजय, कॉलेजात शिकवतो, तो दरवर्षी फळ्यावर लिहून समजावायचा की शीर्षकात आकडा असेल तर लोक जास्त उघडतात. उदगीरच्या एस्तेरबाई पाककृती आणि मनन एकत्र लिहितात. त्यांचं म्हणणं, आकडा त्यांच्या पुरणपोळीला लागत नाही. एकदा विजयने विषय काढला की बहुतेक कमेंटी नुसत्या 'आमेन' असतात, त्यांना काय उत्तर द्यायचं? मागच्या बाकावरून अण्णा म्हणाले, "आमेनची तक्रार आपल्या सेक्शनला येत न्हाई. ती वरच्या ऑफिसात जातीया." हॉल हसून हसून लोळला आणि माझं वेळापत्रक पुन्हा घसरलं. मी घड्याळ दाखवलं की ते हात जोडत, "झालं टीचर, झालं," म्हणत, आणि बोलतच राहत.

त्यांना मी शेवटचं भेटले ते हुमनाबादच्या बसस्टँडवर. मेळाव्याच्या निमंत्रणाचा मजकूर द्यायला मी बोलावलं होतं. ते आले, मजकूर न वाचता खिशात कोंबला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यांनी सांत्वनावर काहीतरी लिहिलं होतं. त्याखाली करजगीच्या रत्नाबाई नावाच्या वाचक बाईची कमेंट होती. मी ती तिथेच वाचली : "अण्णा तुम्ही चांगलं लिहिता. माझे मालक गेले तेव्हा मंडळीतल्या सगळ्यांनी मोबाईलवर बायबलची वचनं पाठवली. फुलं पाठवली, दिवे पाठवले, सगळं मोबाईलवर. बसायला कुणी आलं न्हाई. सांत्वन म्हणजे काय ते तुम्हीच सांगा."

"एवढंच राहिलंय," अण्णा म्हणाले. "गुडघा जरा बरा झाला की जायलोय."

"करजगी कुठं, हुलसूर कुठं! कलबुर्गी, मग अफजलपूर, मग पुढं. अण्णा, दोन चांगल्या ओळी लिहून टाका. फार तर फोन करा."

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी भागाकार चुकले होते. "बाई म्हणायलीय बसायला कुणी आलं न्हाई. आन मी तिला लिहून पाठवू? कामून, टीचर?"

मी त्यांना गुडघ्याच्या तेलाचं नाव सांगितलं. गाडी आली. चढल्यावर त्यांनी खिडकीतून हात केला, आणि चढताना खिशातून पडलेला निमंत्रणाचा मजकूर तिथेच खाली राहिला. तो मी उचलला... चिडचिड करतच.

मातीला एस्तेरबाई आणि मी गेलो. बाकीच्यांनी काय केलं? आमच्या ग्रुपवर वचनांचा पाऊस पाडला. जोडलेले हात, पांढरी कबुतरं, मेणबत्त्या, काही तर हलणाऱ्यासुद्धा. विजयने त्याच दिवशी ब्लॉग लिहिला, 'शमुवेलअण्णांकडून शिकण्यासारख्या पाच गोष्टी'. पाचात परिच्छेद न पाडणं नव्हतं आणि लोकांच्या घरी जाणंही नव्हतं. निघताना प्रदीपने अण्णांचा मोबाईल माझ्या हातात ठेवला. काच तडकलेली, मागे रबर गुंडाळलेलं. "तुमीच ठेवा टीचर. मला त्यातलं काय कळत न्हाई. सारखा वाजायलाय." ब्लॉग त्याच्यावर उघडाच होता. रत्नाबाईंच्या कमेंटखाली मधल्या दिवसांत कुणी कुणी 'आमेन' लिहून गेलं होतं. एकाने जोडलेले हात टाकले होते. तिच्या प्रश्नाखाली, जोडलेले हात!

मी व्यवस्थित काम करणारी बाई आहे. राहिलेलं काम राहू द्यायचं नाही, ही माझी सवय. म्हणून मी बसले आणि अण्णांच्या वतीने उत्तर लिहू लागले. "आपले दुःख आम्ही समजू शकतो..." खोडलं. "शमुवेलअण्णा आता आपल्यात नाहीत, तथापि..." खोडलं. तिला बाहेर वाट बघत उभं केलंय आणि आपण आत बसून सही-शिक्क्याचं पत्र बनवतोय, असं वाटू लागलं. ती बाई अजून वाट बघत होती. तिला माहीतही नव्हतं की ज्याला विचारलं तो माणूस गेला. आणि ते कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं, हे मला जितकं स्पष्ट दिसत होतं तितका मला अण्णांचा राग येत होता. मेल्यावरही माणसानं कामाला लावावं?

मी हॉल रद्द केला. जेवणवाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ग्रुपवर लिहिलं, यंदाचा मेळावा करजगीला, जीप ठरवली आहे, यायचं त्याने सकाळी स्टँडवर यावं. विजयचा लगेच फोन. "मॅडम, एवढ्या लांब कामून? व्हिडिओ कॉलवर घेऊ की. त्या बाईंनाही जोडू." मी म्हणाले, "विजय, तुझी सहावी गोष्ट राहिलीय. ती शिकायला ये." शेवटी जीपभर माणसं आली. विजयही आला, तोंड पाडून. अफजलपूरच्या पुढे रस्त्याला गाडी उसळली तेव्हा त्याने देवाचं नाव इतक्या मनापासून घेतलं, तितक्या मनापासून त्याने फळ्यावरही कधी काही लिहिलं नव्हतं.

रत्नाबाईंचं घर विचारत गेलो. घरापुढे तुरीच्या काड्या रचलेल्या. एवढी माणसं उतरलेली पाहून त्या दारातच थबकल्या. हात पदराला पुसत आमच्याकडे एकेकाला बघत राहिल्या.

"हुमनाबादहून आलोय," मी म्हणाले. "तुम्ही ब्लॉगवर लिहिलं होतं..."

त्यांचा चेहरा बदलला. "व्हय? अगा माय... मग यातले अण्णा कोण?"

विजय जमिनीकडे बघू लागला. मीच सांगितलं. ते यायला निघणार होते, गुडघा दुखत होता, आणि मग झोपेतच गेले. मला वाटलं होतं, बाई रडेल किंवा म्हणेल, बघा, शेवटी न्हाईच आले. त्यांनी तसं काही केलं नाही. आत जाऊन सतरंजी आणली, झटकून ओसरीवर अंथरली.

"म्हंजे मयत तुमच्याच घरचं झालंय," त्या म्हणाल्या. "मीच तुमच्याकडं बसायला याया पाहिजे हुतं. बसा."

आम्ही बसलो. त्या आमच्याजवळ बसल्या. त्यांनी अण्णांबद्दल विचारलं आणि आम्ही सांगितलं : घरच्यांना न सांगता वादळात खांबावर चढून काम केल्याचं, 'वरच्या ऑफिसा'चं, ते पहिल्यांदा दारात आले तेव्हा माझी भाजी करपल्याचं. मग हळूहळू त्या मालकांबद्दल बोलू लागल्या. ते पाटाचं पाणी द्यायला पहाटे जायचे तेव्हा त्यांच्या शिट्टीवरून कळायचं की वाफा भरला. एस्तेरबाईंनी त्यांचा हात धरला होता. विजयने एकदाही मोबाईल काढला नाही. मी कार्यक्रमपत्रिका केली नव्हती. वाटलं होतं, बोलायला काही सुचणार नाही. पण मला फक्त "हां", "बरं", "मग?" एवढंच म्हणावं लागलं.

दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आम्ही गप उठलो, चपला घातल्या, जीपकडे निघालो. मागून रत्नाबाईंची हाक आली, "तसंच चाललात? येतो म्हणा की! अण्णा न्हाईत म्हणून काय झालं..."

"येतो," विजय म्हणाला. सगळ्यांच्या आधी.

घरी आल्यावर मी अण्णांचा मोबाईल काढला. रत्नाबाईंच्या कमेंटखाली, जोडलेल्या हातांच्याही खाली, मी लिहिलं, "भेटून आलो." त्याखाली अजून एक परिच्छेद लिहावा, नीट खुलासा करावा, असं फार वाटलं. नाही लिहिला.

तो मोबाईल आता माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर असतो. रबर गुंडाळलेला, काच तडकलेली. बंद करून टाकावा असं रोज ठरवते आणि रोज चार्जिंगला लावते. परवा कणीक मळत होते तर तो वाजला. पिठाच्या हाताने बघितलं. औरादकडच्या कुण्या मुलाने अण्णांचं जुनं काहीतरी वाचून लिहिलंय, "हे सगळं खोटं आहे. देव असता तर माझी आई वाचली असती. आहे का उत्तर?"

मी हात धुतले. पेन्सिल घेतली. अण्णा, तुम्हाला सांगून ठेवते, औरादला इथून नीट गाडी नाही, बिदरला बदलावी लागते, आणि मला बसमध्ये मळमळतं. शनिवारी शाळा अर्धीच असते.