देवघरातल्या टेपा

म्हैसूरच्या आमच्या ध्वनिसंग्रहालयात नंजुंडय्याला सगळे ‘पुजारी’ म्हणत. काम सर्व्हर सांभाळायचं, पण कपाळावर भस्माचे पट्टे आणि यंत्राला हात लावण्याआधी नमस्कार. डोंगरातल्या लोकांची गाणी त्या सर्व्हरवर असत. त्यांची प्रत तो टेपांवर काढून कपाटात ठेवी. सगळ्यात जुन्या टेपा मात्र त्यानं घरी देवघरात नेऊन ठेवल्या होत्या.

“टेपांना नैवेद्य काय दाखवता हो?” मी चिडवायचे.

“हसा अक्का, हसा. ऑफिस बुडालं तरी माझा देव जागचा हलत नाही.”

आणि आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्यानंच घात केला. कपाटातल्या टेपा सर्व्हरपुढे मांडल्या, एकेकीला कुंकू लावलं आणि कुंकू भरलेला कोहळा उंबऱ्यावर असा आपटला, की लाल पाणी जाळीतून थेट सर्व्हरच्या पोटात. टेपाही भिजल्या. भक्ती उतू गेली, दुसरं काय!

दसरा सरताच जडेम्मा आली. बिळिगिरी डोंगरातली सोलिगा आदिवासी म्हातारी. तिच्या मेलेल्या नवऱ्याचा, केतेगौडाचा, साधा फोटोही नव्हता. होतं ते त्याचं एक गाणं, आमच्याकडे. दरवर्षी ती मध घेऊन उतरायची, गाणं ऐकायची आणि परत जायची.

“लाव रे पुजारी,” ती स्टुलावर टेकत म्हणाली.

नंजुंडय्याला रडूच फुटलं. “अज्जी, माझ्या हातून गेला गं तुझा म्हातारा.”

“त्याला जाऊन लई वर्सं झाली. तू लाव.”

तेव्हा कुठे त्याला देवघर आठवलं. तो स्कूटरवरून घरी धावला आणि सोवळ्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या टेपा घेऊन आला. दुसरा सर्व्हर जोडला. यंत्रानं टेप आत घेतली, घरघर केली आणि ती बाहेर ढकलली. त्यानं ती पुसली, पुन्हा घातली. मी शेजारून बघत होते. तळहातावर मावेल एवढी डबी, तिच्यात गल्लीभर लांबीची काळी फीत. तिच्यावर ना अक्षर, ना रेघ. आणि त्या काळोखात एक माणूस गात बसलेला! इतकी वर्षं तिथं काढली, पण अंगावर काटा आला तो त्या दिवशी.

एकेक फाइल उतरू लागली. केतेगौडाचं गाणं आलं, पण ते नेहमीपेक्षा लांब होतं. सर्व्हरवरच्या गाण्यातला खोकला, बोलणं, सगळं आमच्या साहेबांनी कापून टाकलं होतं. जडेम्मा आजवर तेच ऐकत आली होती. ही टेप त्या कापाकापीच्या आधीची.

गाणं सुरू झालं. मध्येच थांबलं. खोकला आला. मग केतेगौड म्हणाला,

“जडे, शेळी बांधलीस का गं?”

जडेम्मानं पदर सावरला आणि स्पीकरकडे सरकली.

“बांधली की! गा तू.”

आणि तो गाऊ लागला.