नाव मनीषाचं दिलं

मखमलाबादच्या मळ्यात खंडेरावांच्या शेजारी मी पंचवीस वर्षं राहते. त्यांची थोरली मुलगी मनीषा माझ्याच अंगणवाडीत अक्षरं गिरवायला शिकली. तिच्याविषयी लिहायचं तर स्वतःची लाजही लिहावी लागणार, त्याला इलाज नाही.

मनीषा आणि धाकटा सोमनाथ, दोघंही स्पर्धा परीक्षा द्यायचे. दोघंही गंगापूर रोडच्या एकाच अभ्यासिकेत बसायचे. फरक एवढाच की सोमनाथ उठून थेट तिकडे जायचा आणि मनीषा आधी बापाबरोबर शेवंती तोडून, पाट्या भरून मग जायची. लोक म्हणायचे, सोमनाथ फौजदार होणार. तिच्याविषयी म्हणायचे, ती पण परीक्षा देते. मीही तसंच म्हणायचे.

त्या वर्षी सोमनाथ फौजदाराची मुख्य परीक्षा पास झाला, मैदानी चाचणी राहिली होती. मनीषाची विक्रीकर निरीक्षकाच्या पदासाठीची मुख्य परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

आमच्याकडे घरात परीक्षेवाला पोरगा असला की भावकीला जोर चढतो. त्याने हात उचलला तर पोलीस केस होते, आणि केस असलेल्याला नोकरीवर कोण घेणार? हे सगळ्यांना पाठ आहे. खंडेरावांचा पुतण्या महेश तर याच हिशेबावर जगत होता. बोअर दोन्ही घरांची सामायिक, पण पाण्याची पाळी तोच ठरवायचा. रस्त्यात सोमनाथला अडवून थोबाडीत मारायचा. "साहेब, हात चालवा ना," म्हणायचा आणि दुसऱ्या गालावर ठेवून द्यायचा. सोमनाथ हात मागे बांधून उभा राहायचा. एकदा त्याचा ओठ फाटला, तर त्याच्या आईने, नवसाबाईने, हळद दाबली आणि म्हणाली, "सोस रं बाबा. एवढा महिना सोस."

पोरगा सोसत होता आणि आम्ही त्याला शहाणा म्हणत होतो.

मग एका सकाळी महेशने खंडेरावांच्या शेवंतीकडे जाणारा पाइपच उखडला. खंडेराव विचारायला गेले. मी बांधावर होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं. महेशने म्हाताऱ्याच्या पोटात लाथ घातली. म्हातारा वाफ्यात पडला तेव्हा महेशने त्याचं तोंड पाइपावर दोनदा आपटलं. दोन दात मातीत पडले. नवसाबाई मध्ये आली, तर तिला केसांना धरून फरफटत नेलं आणि चिखलात दाबलं. मी बांधावरूनच ओरडत होते.

सोमनाथ मागून आला. पाइपाचा लोखंडी पाना तिथेच पडला होता. पहिला घाव महेशच्या डोक्यात बसला. तो पालथा पडला. दुसऱ्या घावाला कोपराचं हाड मोडल्याचा आवाज मला बांधावर ऐकू आला. तिसरा खांद्यावर. चौथा पुन्हा डोक्यात बसणार होता. तेवढ्यात अभ्यासिकेला निघालेली मनीषा सायकल टाकून धावली आणि भावाच्या हातातून पाना हिसकावला. महेश त्या दिवशी जगला तो तिच्यामुळे.

पण मागून मारल्यामुळे त्याला मारणारा दिसलाच नव्हता. रक्त पुसून त्याने डोळे उघडले तेव्हा पाना मनीषाच्या हातात होता, आणि तिचा ड्रेस रक्ताने भरला होता.

पोलीस यायच्या आधी निर्णय झाला. तोंडातून रक्त गळत असताना खंडेराव म्हणाले, "पोरी, तुझं काय, लगीन होऊन जाशील. त्याचं आयुष्य हाय."

मनीषा म्हणाली, "बाबा, माझी मेन्स एकवीस तारखेला आहे."

सोमनाथ जमिनीकडे बघत राहिला.

पोलीस ठाण्यात तिने स्पष्ट सांगितलं, "मी मारलं नाही." साहेबांनी विचारलं, मग कुणी? तिने भावाकडे पाहिलं आणि गप्प झाली. आईबापाने तिचं नाव दिलं. साक्षीदार म्हणून खाली सही केली ती मी. मलाही मुलाचं आयुष्य मोठं वाटलं, दुसरं काही कारण नाही.

पोरगी जामिनावर सुटली आणि एकवीस तारखेला जाऊन पेपर देऊन आली. पास झाली, यादीत नाव आलं. मग कागदपत्रांत प्रश्न आला, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का? तिने "होय" लिहिलं. केसचा निकाल लागेपर्यंत तिची नेमणूक अडकली. आमच्या केसला तारखांवर तारखा पडत आहेत.

गेल्या महिन्यात सोमनाथची ऑर्डर आली. दारात डीजे, गुलाल, उघडी जीप. मिरवणुकीआधी बहिणीने ओवाळावं म्हणून नवसाबाईने तबक तिच्या हातात दिलं. घरात आम्ही पाच जणच होतो.

सोमनाथ पाया पडायला वाकला. "ताई, तू माझ्यासाठी जे केलंस ते मी विसरणार नाही."

तिने तबक खाली ठेवलं आणि त्याच्या कानशिलात मारली. "मी केलं? मी कधी केलं?" दुसरी मारली, तिसरी मारली. त्याच्या नाकातून रक्त आलं, कोरा शर्ट लाल झाला. केस धरून तिने त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. त्याने हात उचलला नाही. अजून रुजू व्हायचा होता ना.

खंडेराव डोकं धरून खाली बसले. नवसाबाई तिला ओढत म्हणाली, "मने, सोड, मारशील त्याला."

"मारू दे की," मनीषा म्हणाली. "केस माझ्यावरच हाय."

बाहेरून पोरं दार वाजवत होती, साहेबांना हाका मारत होती. मी उठले आणि आतून कडी लावली.